जावयाला दिलेले पाटे

मानपाड्याच्या एमआयडीसीच्या तोंडाशी देवरामचं दुकान होतं. गाडीचं वजन ज्यांच्यावर बसतं ते मागचे पोलादी कमानपाटे तापवायचे, वाकवायचे, चढवायचे, हे त्यानं तीस वर्षं केलं. माणूस तोंडाचा फटकळ. छोटी पिकअप घेऊन कुणी पाटे वाढवून मागितले की त्याला आल्या पावली परत पाठवायचा. फारच वाद घातला तर हाताला धरून गाडीखाली वाकायला लावायचा आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, दाखवायचा. मोठ्या गाडीची चासी जाड, खोल, आत दुसरी पट्टी बसवलेली, रिबिटांनी जोडलेली. छोटीची म्हणजे नुसता वाकवलेला पत्रा, तोही एका बाजूनं उघडा. माल जास्त झाला की छोटी गाडी मागून बसते आणि ड्रायव्हरला कळतं की आता पुरे. पाटे वाढवले की ती बसत नाही, पण बोजा काही कमी होत नाही; तो चासीवर जातो.

"पाटे वाढवून गाडी मोठी होत नाय," हे त्याचं पालुपद. शेजारचे दुकानदार हसायचे आणि त्यानं परतवलेली गिऱ्हाइकं खुशाल घ्यायचे. बायको सगुणा म्हणायची, असल्या शहाणपणावर चूल पेटत नाही.

एकुलती एक लेक कृतिका पलीकडच्याच गावात दिलेली. जावई दिपेश सरळ, कष्टाळू पोरगा. त्यानं छोटी पिकअप घेतली, तिच्यावर दोन हजार लिटरची टाकी बसवली आणि घरच्या बोअरचं पाणी नव्या इमारतींना पोचवायला लागला. उन्हाळ्यात पाण्याच्या धंद्याला मरण नव्हतं. त्यातच अधिक महिना आला. जावयाला रीतसर बोलावलं, धोंडे केले, चांदीचं ताट काढून ठेवलं. जेवण झाल्यावर दिपेश मान खाली घालून म्हणाला, की मामा, चांदी नको, त्याऐवजी गाडीला दोन पाटे वाढवून द्या.

देवरामच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी सव्वा टनाची, पाणी दोन टन. तसं तो बोललाही, पण एकदाच आणि हळू. अधिक महिन्यात दारी आलेल्या जावयाला नाही कसं म्हणायचं? सगुणा तर डोळे वटारून उभीच होती. दुसऱ्याला सांगताना धारदार असलेली जीभ लेकीच्या संसारापुढं बोथट झाली. सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं पाटे चढवले, आणि जन्मात केलं नव्हतं इतकं चोख काम केलं.

पंधराव्या दिवशी, भर दुपारी, शहाडला एका बांधकामावर पाणी नेताना गाडी गतिरोधकावर आपटली. केबिनच्या मागे चासीचे दोन तुकडे झाले आणि भरलेली टाकी पुढं आली. दिपेश जागच्या जागी गेला.

मोडकी गाडी बघायला सगळे गॅरेजवाले जाऊन आले. चासी तुटली पण देवरामचे पाटे हलले नाहीत, असं जो तो बोलायला लागला. कुणी तर त्याच्या तोंडावर कौतुक केलं. देवरामला त्या वेळी जीव नकोसा झाला.

तेरावं झाल्यावर तो लेकीकडं गेला. कृतिका त्यालाच धीर द्यायला लागली. म्हणाली, तुमच्या कामात काही खोट नव्हती, सगळे तसंच बोलतात. ते त्याला सहन होईना. पाटे नसते तर गाडी बसली असती, दिपेशनं पाणी कमी भरलं असतं, हे सगळं त्यानं सांगून टाकलं.



"दिपेश नको बोलत होता, बाबा," ती म्हणाली. "मामा कुणालाच वाढवून देत नाय, बोलला. मीच पाठवलेलं त्याला. अधिक महिन्यात माग, बोलली, तेव्हा बाबा 'नाय' बोलणार नाय."

आपण तोंड उघडलं नसतं तर दिपेश पाट्यांमुळं गेला हे पोरीला कधी कळलंच नसतं, एवढंच देवरामच्या मनात आलं.