आईचा फोटो आणि बाबांचा खडू

माझ्या बाबांनी आयुष्यभर रेल्वेचे रूळ तपासले. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये, जिथे रूळ बनतात, ते इन्स्पेक्शनला होते. समोर आलेल्या रुळावर टॉर्च तिरपी धरायची आणि नजर फिरवायची. केसाएवढी चीर दिसली तर रूळ बाजूला, नाहीतर त्यावर खडूने ओके. रिटायर होऊन कारखान्याचं सेक्टर 2 चं क्वार्टर सोडलं, जवळच कुरुदला घर बांधलं, तरी ती टॉर्च आणि खडूची डबी सामानात आलीच. घरात आईच्या पोळ्यांपासून माझ्या मार्कांपर्यंत सगळं त्यांनी तपासलं. कौतुक मात्र कधी तोंडातून निघालं नाही. फारच खूश असले तर म्हणायचे, "चालते."

आईने क्वार्टरच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षं शिवणक्लास चालवला. आमच्या कुरुदच्या बुद्धविहाराने शिवणक्लाससाठी एक खोली बांधली, तेव्हा तिथे आईचाच मोठा फोटो लावायचं ठरलं. आई बिथरली. "जित्या माणसाचा फोटो भिंतीवर कावून टांगता?" पण विहारातल्या बाया ऐकेनात. फोटो मी काढते, असं मीच सांगून टाकलं. नवा चांगला फोन घेतला होता, त्यामुळे हे काम मला डाव्या हातचा मळ वाटत होतं.

आई मशीनवर बसून सुई ओवत होती. मी दारातूनच झूम करून फोटो काढला, मेसेजवर पावर हाउस बाजारातल्या प्रिंटवाल्याला पाठवला आणि संध्याकाळी वीस बाय तीस इंचाची प्रिंट घेऊन आले. बाबांनी ती खुर्चीवर टेकवली, टॉर्च तिरपी धरली.

"सुई कुठं हाय?"

सुई नव्हतीच. बोटांत विरघळून गेली होती.

"रिजेक्ट."

मी भडकले. "बाबा, हा रूळ नाही!"

"रूळ नाही, म्हणूनच म्हणून राहिलो. रूळ रोज निघते. तुही माय एकच हाय."

तणतणत दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मैडम, ज़ूम किया हुआ फोटो है, ऊपर से मैसेज पे भेजा. इतना बड़ा करोगे तो फटेगा ही." मेसेजवर पाठवताना फोटो दाबून लहान होतो, हे मला त्या दिवशी कळलं. झूम करू नका, जवळ जा आणि पेनड्राइव्हवर आणा, असं त्याने शिकवलं.

दुसऱ्या खेपेला तसंच केलं. सुई आली, सुईचं नेढंसुद्धा आलं. आई तर हरखलीच. "किती छान दिसून राहिली मी!" बाबांची टॉर्च मात्र तिच्या कपाळावर थांबली.

"इच्या आठ्या कुठं गेल्या? सुई ओवताना आठ्या येतेच इले. त्या आठ्या पाहूनच क्लासच्या पोरी गप बसत होत्या."

फोनचा ब्युटी मोड चालू राहिला होता. त्याने माझ्या आईचं कपाळ इस्त्री करून टाकलं होतं. "राहू द्या नं जी, एक तरी फोटो बरा येऊ द्या," आई गयावया करत होती. पण पुन्हा रिजेक्ट. आणि खरं सांगते, या वेळी मलाही ते पटलं. ती बाई सुंदर होती, पण आमची नव्हती.

तिसऱ्या वेळी मी हट्टालाच पेटले. सकाळचा दहाचा उजेड, खिडकीवर पांढरी ओढणी लावून मऊ केलेला. ब्युटी मोड बंद. हात हलू नये म्हणून फोन पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला, टायमर लावला आणि स्क्रीनवर नेमकं सुईवर बोट टेकवलं. चाळीसेक फोटो काढले. "एवढ्या वेळात माझा ब्लाउज शिवून झाला असता," आई कुरकुरली आणि तिच्या आठ्या आणखी छान आल्या.

रविवारी सकाळी प्रिंट घरी आणली. विहारातला कार्यक्रम चार वाजता होता. बाबांनी टॉर्च फिरवली. बराच वेळ फिरवली. मग डबीतला खडू काढून माझ्या हातात दिला.

"आज तू पाह्य. जो पाह्यते, तोच लिहिते."

माझा आनंद गगनात मावेना. लगेच ओके लिहून टाकावं असं वाटलं. तरी टॉर्च घेतली, त्यांच्यासारखीच तिरपी धरली. सुई, ओला दोरा, आठ्या, सगळं लख्ख. आणि खाली साडीच्या गडद निळ्या काठावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाएवढी पांढरी रेघ. प्रिंट काढतानाच पडलेली. चार पावलांवरून ती कुणालाही दिसली नसती. मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. रविवारी दुकान एक वाजता बंद होतं आणि साडेअकरा होऊन गेले होते.

"रिजेक्ट," मी म्हणाले.

बाबांनी तोवर स्कूटरची चावी उचललीसुद्धा. "चाल."

रस्त्यात मी मागून विचारलं, "तुम्हाला दिसली होती रेघ?"

"आल्याबरोबर."

"मग बोलले कावून नाही?"

"तुले दिसते का, ते पाहत होतो. अन् दिसली तर बोलते का, ते बी."

दुकानदाराने मशीन साफ करून पुन्हा प्रिंट काढली. मी काउंटरवर टॉर्च लावली, तसा तो हसला, आणि मग स्वतःच वाकून पाहू लागला. रेघ नव्हती. फ्रेम झाली. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर मी खडूने मोठं ओके लिहिलं.

चार वाजता वंदना झाली, खोली उघडली, फोटो लागला. गर्दीत बाबांचे मिलमधले एक जुने सोबती होते. त्यांनी विचारलं, "कोण्या स्टुडिओत काढला जी?"

"स्टुडिओ कायचा? पोरीनं काढला, फोनवर," बाबा मोठ्याने म्हणाले. "अन् इन्स्पेक्शन बी तिनंच केलं."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढे होऊन त्यांनी भिंतीवरची फ्रेम उतरवली, उलटी केली आणि माझा ओके सगळ्यांना दाखवत उभे राहिले. खोलीभर माणसं तो पुठ्ठा पाहत होती.

"अहो, मले भिंतीकडं तोंड करून कावून ठेवलं?" आई ओरडली. बाबांनी तरी फ्रेम सरळ केली नाही.