मागच्या खोलीतलं वायफाय

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी हट्टाला पेटल्या की हिंदीत शिरतात. पाय मोडून मागच्या खोलीत पडलेल्या नवऱ्याला लेकीचा पुण्यातला साखरपुडा व्हिडिओवर दाखवायचाच होता. मोडेमचं वायफाय तिथवर पोचेना. मी जाणकाराच्या ऐटीत मोडेमला दुसरा राउटर जोडला आणि होतं तेही नेट घालवलं.

"राहू द्या आता," मी म्हणालो.

"ऐसे कैसे रहने दें, भाऊजी?" माहितीपत्रकातून मान न काढता त्या म्हणाल्या. "दोन्ही डबे फोनला नेटवरचे वेगवेगळे पत्ते देताहेत, म्हणून गोंधळ. एका पंगतीत दोन यजमान कशाला? नव्याला गप्प बसवते."

त्यांनी नव्या राउटरचं पत्ते देणं सेटिंगमध्ये बंद केलं. पडद्यावर लेक हसली. मी श्रेय घ्यायला पुढे सरकलो, तोच वहिनी नवऱ्यावर ओरडल्या, "अहो, शर्ट घाला, व्याही बघताहेत!"