झुलालची खाट

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. गाव अजून तिथंच आहे आणि माणसं रागीट आहेत. पाचोऱ्याच्या बाजूला, कापसाचा बाजार, नावापुरती म्युनिसिपालटी. तिच्या दारात एक फळा होता. प्लेगच्या दिवसांत गावात किती जणांना गाठ आली, ते रोज सकाळी त्यावर लिहायचं, असा सरकारचा हुकूम. लिहायचा झुलाल शिपाई, आणि आकडा कचेरीतून मिळेल तोच.

पण गाव काही दुधखुळं नव्हतं. मागच्या साथीत फळ्यावर शून्य आणि रस्त्यावर तिरड्या, असं एकाच सकाळी दिसलं. तेव्हापासून फळा फक्त मास्तर वाचत. बाकीचे झुलालचं घर बघत. मेलेले उंदीर उचलायचं काम त्याचंच, म्हणजे साथ आली की पहिली खबर त्याला. त्याची खाट गाडीवर चढून माळावरच्या झोपडीकडे निघाली, की आम्हीही भांडीकुंडी बांधायचो. जागेवर असली की निवांत.

हे म्युनिसिपालटीच्या अध्यक्षांनाही ठाऊक झालं होतं. सतरा सालच्या हंगामात एका कापसाच्या वखारीत उंदीर पडले. झुलालने ते जाळले आणि कचेरीत जाऊन सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "बाहेरचे व्यापारी आलेत. हंगाम उरकेपर्यंत तोंड मिटून राहा. आणि तुझी खाट हलली, तर कमरेचा पट्टा इथं ठेवून जायचं."

झुलालने फळ्यावर शून्य काढलं. घरी बायको भिकुबाई आणि चिमुरडी कमल. त्याला अन्न गोड लागेना. सारखा उठून कोपरे धुंडाळायचा. जिवंत उंदीर पळताना दिसला तर बरं वाटायचं, न दिसला तर पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून.

अशात दुकानदार दलिचंद शेठ हसत हसत दारात आले. "झुलाल, उद्या आमची सून मंजू येते, नातवाला घेऊन. माहेरचे पाठवायला भीत होते. मी कळवलं, झुलालची खाट जागेवर आहे, खुशाल पाठवा."

झुलाल 'बरं' म्हणाला. शेठ गेल्यावर भिकुबाई आतून बाहेर आली.

"फळावर तुम्हनी कचेरी खोटं लिखस," ती म्हणाली. "आठे खाटवर तं आपीनच खोटं बोली राह्यनूत. उद्या निंघूत."

"नोकरी जाई."

"जाऊ द्या. शेठना नातू तान्हं पोर शे."

दुसऱ्या दिवशी गाडी मागच्या गल्लीने नेता आली असती. त्याने ती भर बाजारातून नेली. वर खाट उपडी बांधलेली, आणि पुढे स्वतः पट्टा लावून. कोणी काही विचारलं नाही. दलिचंद शेठ दुकानातून उठले आणि अनवाणीच स्टेशनकडे सुटले, सुनेला तिथूनच परत धाडायला. दिवे लागायच्या आत अर्धं गाव माळावर होतं. अध्यक्षांनी झुलालला बोलावून विचारलं, "लोकांना काय सांगितलंस?" "काही नाही साहेब, खाट हलवली," म्हणत त्याने पट्टा टेबलावर ठेवला. मला विचाराल तर त्या दिवशी गावात त्याच्याएवढा मोठा माणूस नव्हता.

पण देव असल्या गोष्टींत लक्ष घालत नाही. माळावर भिकुबाई रोज कमलच्या काखा, जांघा चाचपायची. आजूबाजूच्या झोपड्यांतली माणसं तिच्या तोंडाकडे बघत राहायची. एका संध्याकाळी तिचा हात काखेत थांबला. शून्य लिहिलेल्या त्या दिवसांत पोर त्याच घरात झोपली होती.

झाकता आलं असतं. साधा ताप आहे म्हणता आलं असतं, कारण गाठ कळली की माळावरची माणसंही हाकलतात. झुलाल प्रत्येक झोपडीपुढे लांब उभा राहून सांगत फिरला, "मन्हा घरमा गाठ शे. दूर सरका." माणसं सरकली. आम्हीही सरकलो.

कमल गेली तेव्हा गावातले चौघे खांदा द्यायला निघाले. झुलालने दुरूनच हात वर करून त्यांना थांबवलं, आणि लेकीला एकट्याने उचललं.