जुन्या ताण्याची टोकं

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही — बायकोजवळही नाही. तिला मी सज्जन वाटतो, उगाच कशाला?

ऐंशीच्या सुमाराला नागपुरातल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला. प्राचार्यांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, चपला दाराबाहेर काढायला लावल्या. मी त्या देवाचा पुजारी. त्याच्या इंग्रजी आज्ञा फक्त मला येत — यात केवढं सुख होतं, काय सांगू?

मग माझ्या हाताखाली कुंदा आली. माझ्याहून धाकटी, उमरेडच्या विणकरांची मुलगी. तिचे वडील पदराची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढत. कॉम्प्युटरलाही असंच चित्र काढून का सांगू नये? तिने आज्ञांऐवजी चौकोन काढले. मग चौकोन धाग्यांनी जोडले. धागा जाई तिकडे हिशेब जाई. पुढे अख्खी नक्षी एकाच चौकोनात दुमडता येऊ लागली. वनस्पतिशास्त्राची माणसं, ज्यांना मी दारात उभं करत नसे, ती आत बसून चित्रं जोडू लागली.

मी हसायचो.

"काहून हसून राहिले, सर?"

"पोरांचा खेळ आहे हा."

"मंग तुमीबी खेळा ना!"

खेळलो — घरी, चोरून, कागदावर. सुंदर होतं. मला का सुचलं नाही?

मागावरून कापड उतरवताना जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं तशीच ठेवतात. नवा ताणा त्यांनाच गाठी मारून जोडतात. तिची भाषाही तशीच. नवं चित्र सुरू होई ते फ्लॉपीवर राखलेल्या जुन्या तुकड्याला जोडूनच. परक्याला तो कचरा वाटला असता. मला नाही — तिनेच मला समजावलं होतं. दुसऱ्या प्रतीसाठी तिने कोरी फ्लॉपी मागितली, तेव्हा कपाटाची किल्ली खिशात ठेवून मी "बघू" म्हणालो होतो.

विद्यापीठाचे पाहुणे तिचं काम बघायला येणार होते. त्या सकाळी मी तो तुकडा पुसला.

त्यांच्यासमोर पडदा कोराच राहिला. प्राचार्यांनी घाईने चहा मागवला. मी हळूच — सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू — म्हणालो, "चित्रांनी कॉम्प्युटर चालत नसतो."

"माझ्याच हातानं पुसलं गेलं असन, सर," कुंदा नंतर म्हणाली.

"होतं असं," मी म्हणालो.

तिने पुन्हा चौकोन काढला नाही.

काही वर्षांनी एका परदेशी मासिकात तशीच भाषा छापून आली — चौकोन, धागे, सगळं. मासिक घेऊन ती धरमपेठेत माझ्या घरी आली. "पाहा सर, आपलंच!"

आपलं, म्हणाली. आणि मला तेव्हाही हेवाच वाटला — तिच्या त्या आनंदाचा. मी चष्मा पुसला, आणि छपाई चांगली आहे म्हणालो.