येथे के म्हणजे एप्सिलॉन

सिन्नरच्या शाळेत भूमिती मला पाढ्यांसारखी पाठ होती. पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं तालात. परीक्षेत त्रिकोण एबीसीऐवजी पीक्यूआर आला, तर मी एबीसीच काढायचो, सिद्धता उतरवायचो आणि खाली नम्रपणे लिहायचो, ‘येथे ए म्हणजे पी समजावे.’ पूर्ण गुण! वडील एसटी स्टँडवर भेटेल त्याला सांगायचे, ‘आमचं पोरगं गणितात लय हुशार हाय.’

नव्वदच्या दशकात नाशिकला बीएस्सीला आलो, तर वर्गात सगळे आपापल्या तालुक्यातले पहिलेच बसलेले. फळ्यावर आकडे कमी आणि एप्सिलॉन, डेल्टा ही ग्रीक अक्षरंच जास्त. दोन वर्षं मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही. चिडून पुस्तक आपटायचो, परत उचलायचो आणि मोठ्यानं घोकायचो. खोलीतला देवळ्याचा मित्र वैतागायचा, ‘आरे भो, अभ्यास करतोय का आरती म्हणतोय?’

तिसऱ्या वर्षी गणित घ्यायला जागा थोड्या आणि उड्या फार. म्हणून गणिताचे सर एकेकाला फळ्यावर सिद्धता मांडायला लावत. मला नेमकी पाठ असलेलीच आली. एका दमात फळा भरला.

‘वा!’ सर म्हणाले. ‘आता हा डेल्टा कुठून आला ते सांग.’

‘पुस्तकातून, सर.’

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सर नाही हसले. ‘बरं. एप्सिलॉनच्या जागी के घे आणि पुन्हा मांड.’

पहिल्या ओळीत के लिहिला. दुसरीत हात अडकला. पुढचं काही आठवेचना. मग जुनी युक्ती सुचली. ‘येथे के म्हणजे एप्सिलॉन समजावे,’ असं लिहून मी सगळं जसंच्या तसं उतरवून काढलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. ‘रसायनशास्त्र कसं वाटतं तुला?’

शनिवारी घरी गेलो. गणित हुकलं म्हणून सांगितलं. मला वाटलं, वडील भडकतील. त्यांनी नुसतं विचारलं, ‘त्या रसायनात पाठ करायला भरपूर असंल ना?’

‘असेल.’

‘मग झालं तर.’

इतका संताप आला की अर्धी भाकर टाकून उठलो. रविवारी ते मला गाडीत बसवायला स्टँडवर आले. ओळखीचे कितीतरी भेटले. पण या वेळी त्यांनी कोणाला काहीच सांगितलं नाही.