कपाळ माझं आहे

"आधी ती टिकली काढा. मग बोलू."

बँकेतला साहेब काचेआडून एवढ्या मोठ्यानं बोलला की मागच्या अख्ख्या लाइनला ऐकू गेलं. नोव्हेंबर होता. या महिन्यात पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा. माझ्यासारखीनं आणखी एक लिहून द्यायचं, की दुसरं लग्न केलेलं नाही.

माझा नवरा फौजेत होता. जखमी साथीदाराला ओढून आणताना त्याला गोळी लागली. गेल्यावर शौर्यपदक मिळालं. ते घ्यायला मी गेले.

मी चाकणला कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे. दापोडीत सासूबरोबर राहते. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तशीच आले होते. कपाळाला टिकली, हातात काचेच्या बांगड्या. मला आवडतात म्हणून.

"पेन्शन विधवेची आणि थाट सवाष्णीचा," साहेब म्हणाला. "खरं सांगा बाई, घरी कोण असतं?"

मागं कुणीतरी हसलं.

याच साहेबानं सव्वीस जानेवारीला मला शाल दिली होती. माइकवरून वीरपत्नी म्हणाला होता. फोटोला शेजारी उभा राहिला होता.

आधीची सगळी वर्षं मी बँकेच्या पायऱ्यांवरच टिकली काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं. भीती. नवऱ्याला गावी आणलं तेव्हा भावकीतल्या बायकांनी माझ्या बांगड्या दगडानं फोडल्या होत्या. मनगटातून रक्त आलं. मी ओरडलेसुद्धा नाही. तेच गप्प राहणं अंगात मुरलं होतं.

आताही हात कपाळाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. या माणसाला माझ्या नवऱ्याचं मरण माझ्या तोंडावर बघायचं होतं. दरवर्षी, ताजं.

"नाही काढणार."

"मग दाखला घेता येणार नाही."

"तसं लिहून द्या. टिकली लावली म्हणून पेन्शन अडवली. खाली सही करा."

त्यानं पेन उचललं नाही. "बाजूला व्हा. पुढचे कोण?"

पुढचे होते एक रिटायर सुभेदार. ते माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, काढा ना. दोन मिनिटांचा प्रश्न." ते जास्त लागलं. साहेब परका होता. हे आमचे होते.

पेन्शन थांबली. सासू म्हणाली, "काढली असती तर कपाळ झिजलं असतं का? आमी पुसलंच की कुंकू."

"तुमचंही कुणी पुसायला नको होतं, आत्या."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. जेवल्या नाहीत.

मी रजा टाकून सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तक्रार स्वतः लिहिली. साहेबाचं बोलणं जसंच्या तसं, प्रश्नासकट. किती खेटे घातले. पेन्शन सुरू झाली. माफी कुणी मागितली नाही. साहेब त्याच खुर्चीवर आहे.

आमच्या गल्लीत आता आणखी एक पोरगी आलीय, लातूरकडची. तिचाही नवरा फौजेत असतानाच वारला. ती मान वर करत नाही. परवा तिला म्हटलं, नोव्हेंबरात माझ्याबरोबर चल. जशी आहेस तशी.

सरकारला दाखला हवाय, देईन. जिवंत आहे, असं दरवर्षी सही करून सांगेन. पण जिवंत असल्याची माफी मागणार नाही. तिलाही मागू देणार नाही.