मामीच्या गुडघ्यांची विचारपूस

आमच्या मोठ्या मामांइतका भिडस्त माणूस शेंदूरजनाघाटात झाला नाही आणि पुढं होईल असंही वाटत नाही. विहीर आटली, संत्र्याची बाग उभ्या उभ्या वाळली आणि झाडं तोडून सरपणाला गेली, तेव्हा आमच्या आणि त्यांच्या दोन्ही घरी दोन्ही वेळा ज्वारीच्या कण्याच शिजत. पण त्या दिवसांतही मामा कुणाचं फुकट घेत नसत. कुणी चहा पाजलाच, तर परत द्यायला काही नसायचं, म्हणून ते कान द्यायचे. "चहा पेलो ना त्याचा? मंग दोन गोष्टी ऐकाच लागते." एका विमा एजंटाचा अर्धा कप चहा पिऊन ते दिवे लागेपर्यंत त्याच्यासमोर बसले. शेवटी एजंटच हात जोडून म्हणाला, "मामा, मले आता घरी जाऊ द्या."

अशा माणसाच्या हाती त्यांच्या पुण्यातल्या मुलानं फोन दिला. नेट स्वस्त झालं होतं. मामा भजनं ऐकू लागले. भजनाच्या आधी जाहिरात येई आणि मामा ती शेवटपर्यंत पाहत. शेरवानीची, परदेशातल्या कॉलेजची, केस वाढवायच्या तेलाची. आणि मामांच्या डोक्यावर तर एक केस नाही. मी सांगितलं, "मामा, हे बटण दाबा, जाहिरात जाते." ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी पाहुण्याला हाकलायला सांगतोय. "कावून? भजन फुकटात ऐकून रायलो ना त्याचं? तो बिचारा एवढ्या दुरून आला, आन् त्याच्या तोंडावर दार लावू?" जाहिरात संपली की हळूच म्हणत, "चांगली हाय बावा, पण मले नाही पाहिजे."

मामी आतून ओरडायच्या, "माहं एक बोलणं पुरं ऐकत नाही, आन् त्या शाम्पूवालीपुढं कसे मान डोलवून रायले पाहा!"

मामींचे गुडघे गेले होते. बाग जगवायला त्यांनी दुरून पाणी वाहिलं होतं. बाग गेली, दुखणं राहिलं. एक दिवस मामांनी फोन तोंडाशी धरून मोठ्यानं विचारलं, "आमच्या घरच्या मंडळीचे गुडघे लय दुखते. काय लावाव?" त्या दिवसापासून फोनवर गुडघ्यांचं तेल, गुडघ्यांचे पट्टे, गुडघ्यांचे दवाखाने. मामा भारावून गेले. "पाहा, पोरगा पुण्याहून इचारत नाही, हा रोज इचारते." मामी म्हणाल्या, "त्याले म्हणा, इचारू नको, दोन घागरी पाणी भरून दे."

हिवाळ्यात मामी गेल्या. गुडघ्यांनी नाही, हृदयानं. तेरवी झाली, मुलगा पुण्याला परतला, सोयरे हळूहळू यायचे थांबले. मग एक दिवस मला अकोल्याला मामांचा फोन आला. "भाचेबुवा, सुटी काढून या. शिकेल माणसाचं काम हाय." घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, असं कुणी म्हटलं की मी निघतोच.

मी पोचलो. मामांनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे भाच्याच्या पायांना हात लावला आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्याले निरोप सांगाचा राहिला."

"कोणाला?"

"ह्याले. साऱ्या सोयऱ्याईले सांगतलं, ह्याले कोणी सांगतलंच नाही. अजून रोज गुडघ्याचं इचारते. ती गेली म्हणून दोन ओळी लिहून द्या."

मला हसू आलं नाही. सरळ सांगितलं, "मामा, तिकडं कुणी नाही. कंपनी भजन फुकट देते आणि आपण काय विचारलं ते ध्यानात ठेवते. मग दुखणाऱ्या माणसासमोर उभं राहायची जागा तेलवाल्याला विकते."

मामांनी माझ्या मांडीवरच्या फोनकडे वाकून पाहिलं.

"म्हंजे चहा फुकट नोता."

"नव्हता."

"मंग आधी सांगाव ना बावा. माहं काही असतं त इका म्हटलं असतं. पण दुखणं तिचं होतं. तिले त इचारलं असतं!"

जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीला माणूस बरा झालेला परवडत नाही आणि मेलेला कळत नाही, एवढंच मला वाटलं. मी भजन लावलं आणि आधी आलेल्या गुडघ्यांच्या तेलाच्या जाहिरातीच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले. ही जाहिरात का नको, असा प्रश्न आला आणि खाली कारणं.

"ती गेली, असं नाही काय त्याच्यात?" मामांनी विचारलं.

"नाही. 'कामाची नाही' असं आहे."

"ते नका दाबू."

"'खूप वेळा दिसली' असं आहे."

मामांनी विचार केला. "हे दाबा. लय वेळा इचारलं, आता बस, म्हणा."

मी दाबलं. मामांनी फोनला हात जोडले.

पुढच्या आठवड्यात मीच फोन केला. "आलं का गुडघ्याचं?"

"नाही. आता ट्रॅक्टरवाला येते. भला हाय. पण तो घरच्याईचं काही इचारत नाही."

मामीच्या गुडघ्यांची जाहिरात बंद झाली. शिकून मामांसाठी मला एवढं करता आलं.